जबड्याची पट्टी

इस्पितळाच्या तळघरात मावशी मढी धुवायच्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. सगळं इस्पितळ त्यांना मावशी म्हणायचं, पिकल्या केसांचे डॉक्टरसुद्धा. खरीखुरी भाची मात्र एकच, धाकट्या बहिणीची सात वर्षांची लेक. मढं खाली आलं की बाकीच्या बायका आधी त्याचे डोळे मिटायच्या, मावशी आधी जबडा बांधायच्या. हनुवटीखालून चार बोटं रुंद पट्टी, टाळूवर गाठ. घाई इतकी की नव्या परिचारिका हसायच्या, म्हणायच्या, मावशी, तो आता कुठे पळून जात नाही.

घाईचं कारण होतं खरेबुवा. हे नावही मावशींनीच ठेवलेलं. तो सैतान होता, पण त्याला खोटं बोलता येत नसे, आणि एवढं तर भल्याभल्या माणसांबद्दलही म्हणता येत नाही. तो दिसायचा फक्त मावशींना आणि मेलेल्यांना, बदली रखडलेल्या कारकुनासारखा. मढ्याच्या उशाशी स्टूल ओढून तो सौदा मांडायचा. घटकाभर घरी जाऊन ये, बोलता येईल, हाताला हात लागेल. बदल्यात ज्याला भेटशील त्याच्या मनातली तुझी आठवण मी खाईन, मुळासकट. यातलं काही तो लपवत नसे, आणि तरी मेलेली माणसं हो म्हणायची.

पहिल्याच वर्षी एक म्हातारा असा बायकोला भेटून आला. दुसऱ्या दिवशी म्हातारी मढं ताब्यात घ्यायला आली ती दारातच अडली. हा माणूस माझा कोणी नाही, कोणाचं मढं माझ्या गळ्यात बांधताय, म्हणून भांडून निघून गेली. शब्द तोंडातून बाहेर पडला तरच सौदा पक्का होतो हे मावशींनी हेरलं होतं. त्या दिवसापासून त्या कोणाचं तोंड उघडं ठेवीनात. बांधलेला जबडा पाहिला की खरेबुवा मुकाट उठून जायचा. त्याच्याशी स्वतः एक शब्द बोलायचा नाही, हा मावशींचा दुसरा नियम. सैतानाला काही विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मंगळवारी सकाळी धाकटीच खाली आली. लेकीला शाळेत सोडून परतताना रस्त्यात कोसळली होती, डोक्यातली शीर फुटून. मावशींच्या हातांनी आधी पट्टी बांधली, रडू नंतर आलं. मग कोमट पाणी घेऊन त्यांनी बहिणीला लहानपणी घालायच्या तशी आंघोळ घातली, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, कुठे घाई न करता. दोन तास गेले. तेवढ्यात खरेबुवा आला, गाठ पाहून परत वळला, आणि मावशींनी एकोणीस वर्षांचा नियम मोडला.

"काय म्हणाली असती रे ती?"

"नाही म्हणाली असती," खरेबुवा म्हणाला. "आणि गेली असती."

"गेली असती म्हणजे? आता नाही गेली?"

"नाही म्हणायलाही तोंड लागतं, मावशी. हो म्हणणारे घटकाभराने जातात, नाही म्हणणारे लगेच. तुम्ही बांधलेले कुठेच गेले नाहीत. सगळे इथेच उभे आहेत, दाटीवाटीने."

मावशींच्या हातातला तांब्या खाली पडला. आधी का सांगितलं नाहीस, म्हणून त्या त्याच्या अंगावर धावून गेल्या. विचारलंत कधी, तो म्हणाला. त्या जुन्या माणसांचं काय, असं विचारलं, तर म्हणाला, त्यांची शरीरं गेली, आता कोणाची गाठ सोडणार. धाकटीचं अंग मात्र अजून ताठलं नव्हतं. जबडा हलत होता तोवर तिचं उत्तर घेता येणार होतं.

"आत्ता सोडली गाठ तर नाहीच म्हणेल ना?"

"ते मला ठाऊक नाही. दोन तास बांधून ठेवलेलं माणूस पहिल्यासारखं राहत नाही."

मावशींनी धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नवरा सोडून गेल्यावर या पोरीने लेकीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. ती लेकीच्या मनातून आई काढून न्यायला तयार होईल? शक्यच नाही. आणि नाही सोडली गाठ, तर उद्यापासून बहिणीच्या अंगावरूनच ये-जा करत दुसऱ्यांची मढी धुवायची. मावशींनी गाठ सोडली.

खरेबुवाने स्टूल ओढलं आणि सौदा सांगितला, नेहमीच्याच शब्दांत, किमतीसकट. लेक तुला विसरेल, हे त्याने दोनदा सांगितलं. त्याने यापूर्वी कोणाला दोनदा सांगितलेलं मावशींना आठवत नव्हतं.

धाकटीचे ओठ हलले. "ताई, इथे फार गर्दी आहे गं," ती म्हणाली. "सगळे बोलायला बघतात, कोणाला बोलता येत नाही." मग म्हणाली, "सकाळी वेणी घालताना मी तिला चापट मारली. उशीर होत होता. एकच वेणी घालून झाली, दुसरी तशीच राहिली."

मावशींनी तिच्या तोंडावर हात ठेवायला झेप घेतली. तोवर ती हो म्हणाली होती.

टेबलावरचं अंग होतं तसंच पडून राहिलं. ओला एप्रन घालूनच मावशी रस्त्याने धावत सुटल्या. धाकटीचं घर दोन बसथांबे लांब. धापा टाकत त्या पोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं आणि सकाळची शाळा सुटून घरी आलेली भाची दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. डोक्यावर दोन घट्ट, सारख्या वेण्या होत्या, लाल रिबिनी लावलेल्या.

मावशी तिच्याशेजारी बसल्या. वेण्या कोणी घातल्या, एवढंच त्यांनी विचारलं.

"एक बाई आल्या होत्या," भाची म्हणाली. "अज्जिबात दुखू न देता घातल्या. आणि सारख्या म्हणत होत्या, चुकलं माझं, चुकलं माझं. मी म्हटलं, असू दे." तिने वेणी पुढे घेऊन रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. "जाताना किती रडल्या, माहितीये? त्यांचं कोणीच नाहीये का गं, मावशी?"