पांढरा बल्ब

"काय तो हेडलाइट! मेणबत्ती घेऊन गाडी चालवतोय असं वाटतं." संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की वरदचं हे वाक्य ठरलेलं होतं.

तक्रार खोटी नव्हती. वरद कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे माल रवानगीचं काम बघतो. सुटल्यावर पळस्प्यापर्यंत रस्ता ठीक, पण कोनगावाकडे आत वळलं की सोसायटीपर्यंतचे दोन किलोमीटर म्हणजे खड्डे, डंपरने सांडलेली माती आणि नुसतेच उभे असलेले दिव्याचे खांब. त्यात पाच वर्षांची मोटरसायकल आणि तिचा पिवळा हॅलोजन बल्ब. खड्डा दिसायचा तो चाक त्यात गेल्यावर. हे दुखणं आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

वरदने केलेला उपायही आपल्यापैकी अनेकजण करतात. त्याने ऑनलाइन एलईडी बल्ब मागवला आणि पळस्पे फाट्यावरच्या शिवाच्या गॅरेजवर नेला. कोनगावचा शिवा पंचवीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. त्याने बल्ब उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"हा मी नाय लावनार."

"का? बसत नाही?"

"बसतो ना. पन बसतो म्हनून लावायचा का? तुमच्या दिव्याची आतली वाटी हॅलोजनची हाय."

याला स्वतःकडचा बल्ब खपवायचा असेल, असं वरदला वाटलं. शिकल्यासवरल्या माणसाला गॅरेजवाल्याचं म्हणणं पटायला जरा वेळच लागतो! रविवारी त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून पार्किंगमध्येच बल्ब बदलला. लखलखीत पांढरा उजेड थेट समोरच्या इमारतीवर गेला.

"बघ," तो चारुताला, म्हणजे बायकोला म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या दिसतायत!"

"तुला कुंड्या चुकवायच्या आहेत की खड्डे?" चारुता म्हणाली. वरद हसला आणि विषय तिथंच संपला.

आता एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. अलीकडच्या मोटरसायकलींचा दिवा गाडी सुरू केली की आपोआप लागतो, भर दुपारीही. तरी समोरून येणारी भली माणसं हाताची बोटं उघडमीट करून 'दिवा चालू राहिलाय' अशी खूण करतातच. वरदला त्याची इतकी सवय झाली होती, की नव्या बल्बनंतर संध्याकाळी लोक डिपर मारू लागले, हात हलवू लागले, तेव्हाही त्याला तेच वाटलं. 'हो बाबा, माहितीये,' असं मनात म्हणत तो डावा हात वर करायचा आणि पुढे जायचा.

गुरुवारी तो घरी आला आणि पाठोपाठ त्याचे वडील लंगडत आत आले. गुडघ्यावर पँट फाटलेली, कोपर सोललेलं.

कृष्णकांत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी आशालताबाई गेल्यापासून स्कूटर हाच त्यांचा आधार होता. नात सई हिला पनवेलला बुद्धिबळाच्या क्लासला सोडणं-आणणं, भाजी, औषधं, जुने मित्र दिनानाथ यांच्याकडे गप्पा, सगळं त्या स्कूटरवर चालायचं. आजही ते सईला आणायला निघाले होते. क्लासच्या बाईंनीच मग तिला घरी सोडलं.

"काय झालं बाबा?"

"ओढ्यावरच्या मोरीजवळ समोरून एक मोटरसायकल आली. पांढराफेक दिवा, थेट डोळ्यात. रस्ता, कडा, काही म्हणजे काही दिसेना. स्कूटर खाली उतरली आणि मी पडलो."

वरदचं डोकं फिरलं. "असल्या लोकांच्या गाड्या जप्त करायला पाहिजेत! दिसत नाही का त्यांना, समोर माणूस आहे?"

"अरे, मी तीनदा डिपर मारला. हातही हलवला. तर तो गृहस्थ ओळख असल्यासारखा हात वर करून निघून गेला!"

"किती वाजता?" वरदने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"सव्वासात झाले असतील."

सव्वासातला मोरीजवळ कोणीतरी स्कूटरवाला डिपर मारत होता. वरदने हात वर केला होता.

कृष्णकांतांनी स्कूटरची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली. "विकून टाक. दोष त्याचा नाही, माझे डोळे गेलेत. उद्या सई मागे बसलेली असली आणि असं झालं तर?"

"आजोबा, मग मला क्लासला कोण नेणार?" सईने विचारलं.

"रिक्षा," ते म्हणाले आणि खोलीत गेले.

शुक्रवारी चारुता त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेल्या वर्षीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालंय, नजर चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले. कृष्णकांतांना ते पटलं नाही. शनिवारी दिनानाथांचा फोन आला, तर "आता कशाला उगाच बाहेर पडायचं" असं म्हणून त्यांनी ठेवून दिला आणि गॅलरीत जाऊन बसले. वरद सगळं बघत होता. एक वाक्य बोलला असता तर काम झालं असतं, पण ते वाक्य जिभेवर येईना. लाज वाटत होती, खूप वाटत होती.

सोमवारी कामावरून जरा लवकर सुटून तो शिवाच्या गॅरेजवर थांबला आणि सगळं सांगून टाकलं. शिवाने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्याने मोटरसायकल भिंतीसमोर उभी केली आणि दिवा लावला. उजेडाला धड कडाच नव्हती. पांढरे पट्टे पार छपराच्या पत्र्यापर्यंत चढले होते. मग त्याने तो बल्ब काढून हॅलोजन बसवला. आता भिंतीवर कमरेखाली पिवळा पट्टा पडला, वर अंधार.

"हॅलोजनात बारीक तार असते," शिवा म्हणाला. "ती तार कुठं असनार ते धरून कंपनीनं ही चकचकीत वाटी बनवलेली. जवळच्या उजेडाची जी तार, तिच्यापाशी एक पत्रा असतो, वर जानारा उजेड अडवायला. तुमच्या बल्बात तार नाय, बाजूला उजेडाच्या टिकल्या हायत. त्यांचा उजेड वाटीत नको तिथं पडतो, नि नको तिथं जातो."

"म्हणजे एलईडी वाईटच?"

"नाय हो! ज्या गाडीला कंपनीतनंच एलईडी येतो, तिची वाटी, भिंग, समदं त्याच्यासाठीच केलेलं असतं. दिवा चांगला हाय, पन दुसऱ्याच्या घरात घुसवलाय तुमी. आता जरा तिकडं जाऊन उभे ऱ्हावा, वडील व्हते तेवढ्या लांब."

वरद तीस पावलं चालत गेला आणि वळला. शिवाने पुन्हा एलईडी जोडून दिवा लावला. वरदचा हात आपोआप डोळ्यांवर गेला. शिवा, गॅरेज, पायाखालचा रस्ता, सगळं नाहीसं झालं. तो जागचा हलू शकला नाही.

"बंद करा!" तो ओरडला. "बंद करा, शिवाभाऊ!"

शिवाने हॅलोजन बसवला, पिवळी पडलेली काच घासून लख्ख केली, ढिली वायर घट्ट केली आणि भिंतीवर बघत दिव्याचा रोख नीट लावून दिला. "आता बघा खड्डा दिसतो का," तो म्हणाला. मोरीपाशी वरदला दोन खड्डे आधीच दिसले.

घरी कृष्णकांत गॅलरीत बसले होते. वरदने तो एलईडी बल्ब त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, तुमचे डोळे चांगले आहेत. तो मोटरसायकलवाला मी होतो."

कृष्णकांतांनी बल्ब उचलून पाहिला. "आणि वर हात केलास?"

"मला वाटलं, दिवा चालू आहे म्हणून सांगतायत."

"वाटलं!" कृष्णकांत ताडकन उठले. "चार दिवस मी माझ्या डोळ्यांना दोष देत बसलोय, वरद! तू रोज माझ्यासमोर जेवत होतास!"

"चुकलो, बाबा."

बोलता बोलता वरदचे डोळे भरून आले. कृष्णकांतांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "रस्ता नीट दिसावा असं तुला वाटलं, यात काही चूक नाही. पण समोरून येणाऱ्यालाही तो दिसायला हवा ना? आणि कोणी काही सांगत असेल, तर आधी ऐकून घ्यावं." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "सईचा क्लास सुटेल आता. किल्ली कुठाय माझी?"

चारुताने किल्ली आणि हेल्मेट दोन्ही आणून दिलं.

वाचकहो, आपल्या गाडीचा दिवा आपल्याला कधीच समोरून दिसत नाही. म्हणून नवा बल्ब लावण्याआधी तो आपल्या दिव्यासाठी बनलाय का, हे जाणकाराला विचारा, आणि एकदा स्वतः आपल्या गाडीसमोर जाऊन उभे राहा. समोरचा माणूस डिपर मारतोय, हात हलवतोय, तर तो काय सांगतोय याचा विचार करा. तो कोणाचा तरी बाप असतो, आणि कधी कधी आपलाच असतो.

परवा सव्वासातला मोरीजवळ वरदला समोरून एक स्कूटर येताना दिसली. त्याने गाडी हळू केली. स्कूटर न डगमगता सरळ जवळ आली, आणि या वेळी त्याला हेल्मेटच्या आतला चेहराही ओळखता आला. कृष्णकांतांनी डावा हात वर केला आणि ते नातीला आणायला निघून गेले.