मिसळणाच्या डब्यातले मणी

माझा मिसळणाचा डबा दोन वर्षं सासूबाईंच्या ताब्यात होता. आळेफाट्याच्या सराफ कस्तुरबाई मणी पाठवायच्या आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांची मंगळसूत्रं ओवून द्यायच्या. डब्याच्या सात वाट्यांत सात तऱ्हेचे मणी. माझ्या परातीत पंचा अंथरलेला, म्हणजे मणी उडत नाहीत. मी मात्र कामावरून आल्यावर मोहरी पिशवीतून काढायची आणि कणीक पातेल्यात मळायची. दमून आलेल्या माणसाला एवढंसुद्धा जड जातं.

गेल्या रविवारी माझं डोकं फिरलं. बाजारातून प्लास्टिकचा कप्प्यांचा डबा आणला, मणी त्यात भरले आणि मिसळणाचा डबा घासूनपुसून परत घेतला.

"आत्या, बघा आता कसं टापटीप झालं."

"व्हय," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी कस्तुरबाईंचा फोन आला. "तेजस्विनी, दोन काळे, एक सोन्याचा असं ओवायचं होतं. इथं कुठं चार काळे, कुठं तीन सोन्याचे. रविवारी लग्न आहे त्यांच्याकडं. दुसरी कोणी बघू का?"

मी तणतणत पडवीत गेले. आत्या परातीपुढं बसल्या होत्या. बोट कप्प्यांवरून पुढं जायचं, मागं यायचं. नजर भलतीकडंच होती. माझा राग तिथंच विरला.

"आत्या, दिसत नाही तुम्हाला?"

"दोन वर्सं झाली. मानूस दिसतं, मणी न्हाई."

"मग ओवत कशा होतात?"

"त्या एका वाटीला पोचा हाय न्हवं? ती माझ्याकडं ठिवायची, तिथनं उजवीकडं मोजायचं. कस्तुरबाईंचा पिंटू मण्यांच्या पुड्या देताना सांगतो, तशा भरायच्या. ह्यात समदे कप्पे सारखेच. कुनाला बोलू नगंस, पोरी. काम गेलं तर दिसभर करू काय?"

पाय ठणकत होते, स्वयंपाक व्हायचा होता. तरी मसाला उपसला, वाट्या घासल्या, पोच्याची वाटी त्यांच्याकडं करून डबा ठेवला. कुठल्या वाटीत कुठले मणी, ते त्यांनी न अडखळता सातही वाट्यांचं सांगितलं. मी भरल्या.

मग कस्तुरबाईंना फोन लावला. "चूक माझी. मणी मी इकडचे तिकडं केले. शनिवारी नीट ओवून मिळेल." यात खोटं काहीच नव्हतं.

"सोमवारी डोळे दाखवायला जाऊ," मी आत्यांना म्हटलं.

त्यांची बोटं पोचा चाचपत होती. "आन तुझी मोहरी?"

"पिशवीत."