वीस मीटरचा काळा पट्टा

मंदा गेल्याचं मला मंगळवारी दुपारी कळलं. मी पूर्णा गावातल्या गोदामात फोर्कलिफ्टवर होतो. ती माझा डबा घेऊन येत होती. गेटसमोरच ट्रकने उडवली.

तीन महिन्यांनी विम्याच्या सर्व्हेअरचा अहवाल आला. आठ पानं, वर रंगीत आकृत्या. ट्रक ताशी एकोणचाळीसने होता, मर्यादा चाळीसची. म्हणजे ड्रायव्हर सज्जन आणि चूक मंदाची. माणूस फारच हुशार. तिथे नसताना त्याला ट्रकचा वेग कळला, वर माझ्या बायकोचा निष्काळजीपणाही कळला.

लेक धम्मदिना अकरावी सायन्सला आहे. तिने वही उघडली.

"पप्पा, ब्रेक लागला की वेग दर सेकंदाला सारखाच घटतो, असं धरायचं. त्या घटीची दुप्पट करायची, टायरच्या पट्ट्याच्या लांबीने गुणायचं. वर्गमूळ काढलं की आधीचा वेग."

"वीस वर्षं ब्रेक मारतोय, वर्गमूळ कधी लागलं न्हाय."

"म्हणून तर तुम्हाला कोणी सर्व्हेअर केलं नाही."

पट्टा वीस मीटरचा, पंचनाम्यातही तेवढाच. घट साहेबांनी तीन धरली होती.

"तीन? कोरड्या रस्त्यावर सहा तरी धरतात." तिने सहा घालून गणित केलं. उत्तर आलं सेकंदाला साडेपंधरा मीटर, म्हणजे ताशी छप्पन्न किलोमीटर.

"मग तीन आणले कुठून?"

तिने पान उलटलं. 'रस्ता ओला.'

"मे महिन्यात?" ती म्हणाली. "साहेबांचाच घाम सांडला असेल."

मी अहवालातला फोटो बघत राहिलो.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलातून परत आल्यावर वॉचमन बाळारामकडून बादली घेऊन रस्ता मीच धुतला होता. मंदाच्या रक्तावरून टेम्पो जात होते. पोलिसांनी पंचनाम्यात 'कोरडा की ओला' हा रकाना कोराच सोडलेला. माझ्या मागोमाग सर्व्हेअर आले, बूट भिजू नयेत म्हणून कडेला उभे राहिले, फोटो काढून गेले.

धम्मदिनाला सांगितलं. तिने वही मिटली.

"भरपाईच्या अर्जात लिहा ना पप्पा. अपघातानंतर रस्ता मी धुतला, म्हणून."

"लिहितो."

सुनावणी सोमवारी आहे. अर्ज तयार आहे, छप्पन्नचं गणितही धम्मदिनाने चांगल्या अक्षरात जोडलंय. ते एक वाक्य मी अजून लिहिलेलं नाही.