माझ्या क्लचमधले पवित्र तेल

मित्रांनो, मी एक जुनी निळी पिकअप गाडी आहे. अलाबामात नदीच्या वळणावर आमची वस्ती आहे, तिथल्या चर्चमागच्या शेडमध्ये मी राहते. कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते एवढेच, की रेव्हरंड लूशियस टोल्बर्ट माझ्या सीटवर बसले आणि गाऊ लागले.

ते गाऊन प्रवचन करत. दर रविवारी मी त्यांना गावोगावी नेई, आणि वाटेत त्यांचा सराव चाले. आधी साधे बोलणे, मग बोलण्याला सूर, मग सुराला असा जोर चढे की माझ्या काचा थरथरत. लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "अर्धं प्रवचन तर हिलाच पाठ असेल!" मला धन्य धन्य वाटे.

पुढे रेव्हरंडांची फुप्फुसे थकली. ते घरात बसले आणि मी शेडमध्ये. कोंबड्या माझ्या हौद्यात अंडी घालू लागल्या. त्यांच्या पत्नी मदर ओझेला मात्र मला विसरल्या नाहीत. आमच्याकडे आजारी माणसाच्या कपाळाला पवित्र ऑलिव्ह तेल लावून प्रार्थना करतात. माझे क्लचचे पेडल जरा मऊ लागते, असे कळताच त्यांनी बॉनेट उघडले, क्लचच्या तेलाच्या डबीचे झाकण काढले आणि डोळे मिटून ते पवित्र तेल आत ओतले.

"देवा, हिला बळ दे."

मित्रांनो, त्या डबीत फक्त ब्रेक ऑइल चालते. दुसरे तेल गेले की आतली रबरे फुगतात आणि पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचत नाही. मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

त्यानंतर नदी चढली. भर दुपारी रेव्हरंडांना श्वास लागला. रुग्णवाहिका सखल पुलापलीकडेच अडली होती, पुलावर पाणी येऊ लागले होते. त्यांची भाची व्हर्लीन शाळेची बस चालवते. तिने मामांना माझ्यात बसवले, क्लच दाबला, आणि पेडल खाली गेले ते वर आलेच नाही.

"मामी, हे तर पाताळात गेलं!"

"असं कसं? मी प्रार्थना केलीय हिच्यासाठी."

"प्रार्थनेनं नळीतली हवा निघत नाही. या इकडे, पेडलवर पाय ठेवा."

व्हर्लीन चिखलात माझ्याखाली आडवी झाली.

"दाबा!"

"दाबलं!"

"धरा!"

"धरलंय गं बाई!"

ती खालचा स्क्रू सैल करी, बुडबुडे फुसफुसत बाहेर येत, ती पुन्हा आवळी. धापा टाकत रेव्हरंड मांडीवर ताल देत होते. किती वेळा दाबले, किती वेळा सोडले! पेडल मेल्यासारखेच. पाणी चर्चच्या पायरीला लागले.

व्हर्लीन बाहेर आली. तिच्या हातातल्या डब्यात स्क्रूतून गळलेल्या तेलावर पिवळसर थर तरंगत होता. तिने वास घेतला.

"मामी, चर्चचं तेल इथं कसं आलं?"

"मीच घातलं. आशीर्वाद म्हणून."

"अहो, आशीर्वाद कपाळाला लावतात, घशात ओतत नाहीत!"

मदर ओझेलांनी तोंड झाकले. "मीच मारलं गं यांना."

"ओझेला," रेव्हरंड कसेबसे म्हणाले, "रडण्यात श्वास घालवू नकोस. गायला ठेव. व्हर्ली, गिअरात टाकूनच चावी फिरव."

मदर ओझेला रेव्हरंडांना धरून बसल्या. मी बकरीसारखी उडी मारली आणि चालू झाले. आता थांबायचे नव्हते. क्लचशिवाय गिअर बदलायचा तर इंजिनाचा आवाज नेमका जुळावा लागतो. चुकला की गिअरचे दात खडखडतात, इंजिन बंद पडते. रेव्हरंडांनी एक सूर गुणगुणला. "इंजिनाचा आवाज या सुरावर उतरला की टाक." इंजिन उतरले, दुसरा गिअर अलगद बसला.

समोर पूल. पाणी माझ्या चाकांना धक्के देऊ लागले, मी गुदमरू लागले. पहिला गिअर हवाच होता, आणि त्याचा सूर उंच. रेव्हरंडांनी तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"मामा! सूर! मामा!"

माझ्या दाराखालून पाणी आत आले. आता संपलेच, असे मला वाटले.

तेव्हा मदर ओझेलांनी सूर लावला. प्रत्येक प्रवचनाच्या शेवटी रेव्हरंड ज्या सुरावर जात आणि पुढच्या बाकावरून त्या ज्याला साथ देत, तोच. रडका, चिरका, पण जागेवर. इंजिन त्याच्यापर्यंत चढले. गिअर बसला.

पलीकडे पोचल्यावर व्हर्लीनने चावी बंद केली. मला थांबवायचा दुसरा मार्गच नव्हता. रुग्णवाहिकेतली माणसे ऑक्सिजन घेऊन धावली.

रेव्हरंड वाचले, पण त्यांचे गाणे गेले ते गेलेच. मला क्लचचे नवे सिलेंडर, नवी नळी मिळाली. आता मदर ओझेला तेलाचा एकच थेंब माझ्या बॉनेटला लावतात, आणि डबीच्या झाकणावरची अक्षरे मोठ्याने वाचतात.

मित्रांनो, आम्हां मुक्यांवर माया करा, पण आम्हांला काय सोसते ते आधी बघा. ते बहुधा आमच्या झाकणावरच लिहिलेले असते.

रविवारी रेव्हरंड माझ्यात गप्प बसतात. व्हर्लीन गिअर बदलते, क्लच चोख चालतो, सुराची काही गरज नसते. तरी मदर ओझेला तो सूर धरतात, आणि रेव्हरंडांची बोटे मांडीवर ताल देतात.