भावाच्या राडारोड्यावरची बाग

बाइंडरबाईंचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं लहानपणापासूनच पटत नव्हतं. आई गेल्यावर घराचे दोन भाग झाले आणि मध्ये कमरेएवढी भिंत आली, तेव्हा भांडायला हक्काची जागा मिळाली एवढंच.

भावाने आपला भाग पाडून नव्याने बांधला आणि निघालेला सगळा राडारोडा बहिणीच्या परसात ओतला. विटांचे तुकडे, पोपडे, गंजक्या तारा, न्हाणीघरातल्या फुटक्या फरश्या, वर एक तडकलेलं बेसिन. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, तिथे तसंही काय होतं?

भाऊ बागा करून देणारा कंत्राटदार होता. बंगले, हॉटेलं, ऑफिसांची आवारं. यंत्र आणायचं, जमीन सपाट करायची, हिरवळीच्या गुंडाळ्या उलगडायच्या की दोन दिवसांत बाग तयार. बहिणीच्या परसातही यंत्र घालतो म्हणाला, फक्त अर्ध्या जागेत त्याच्या कुंड्या आणि खताची पोती राहतील. बाई म्हणाल्या, यंत्र तुझ्या दारात फिरव.

छापखाना बंद पडेपर्यंत त्यांनी सव्वीस वर्षं पुस्तकं बांधली होती. छापील कागदांचे फर्मे दुमडायचे, टाचायचे, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं. सगळं हाताने आणि सगळं सरळ रेषेत. आता त्या पहार, कुदळ आणि दोन घमेली घेऊन परसात उतरल्या. रोज सकाळी दोन हात जागा मोकळी करायची, जास्त नाही. माती जुन्या पलंगाच्या जाळीवर टाकून चाळायची. अख्ख्या विटा एकीकडे, तुकडे दुसरीकडे. पहिल्या महिन्यात तळहात सोलून निघाले. दुसऱ्या महिन्यात घट्टे पडले आणि मग काही वाटेनासं झालं.

भाऊ भिंतीवर कोपर टेकून चहा पीत बघायचा. कामगारांना बोलावून दाखवायचा. ताई खजिना शोधतेय म्हणायचा. भावजय मधूनच हळहळायची, या वयात कशाला हे हाल. तिची हळहळ बाईंना भावाच्या कुचेष्टेपेक्षा जास्त झोंबायची.

दोन वर्षं गेली. अख्ख्या विटांची पायवाट झाली, पावलागणिक एक वीट आडवी, एक उभी. पाणी तुंबायचं त्या कोपऱ्यात बाईंनी छातीएवढा खड्डा खणला, तळाशी फुटक्या फरश्या भरल्या, वर वाळू, वर माती, आणि त्यावर उंच वाफा केला. पालक, टोमॅटो, कोथिंबीर आली. घेवड्याचे वेल काठ्यांवर चढून डोक्यावर गेले. चिमूटभर ओली माती बोटांत चोळली की त्यांना कळायचं, हिच्यात आता एकही खडा नाही. त्या आनंदात त्या तासन् तास कुणाशी न बोलता राहू शकत होत्या. तसंही बोलायला कोण होतं?

एके दिवशी सकाळी त्या घेवड्याच्या मागे बसून शेंगा तोडत होत्या. परसात काम असलं की पुढच्या दाराला कुलूप घालायची त्यांची सवय. भावाने ते कुलूप पाहून ताई घरी नाही असं धरलं असावं, कारण बोळाकडचं फाटक उघडून तो खुशाल आत आला. बरोबर एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना दवाखान्याच्या आवारात बाग करून हवी होती.

भाऊ सांगू लागला, हे आमचं काम. बाई उठणार होत्या, पण गुडघ्यावर हात ठेवून तशाच थांबल्या. भाऊ वाकून पायवाट दाखवत होता. एकही वीट हलत नाही बघा, म्हणत होता. माती हातात घेऊन म्हणाला, अशी माती यंत्राने होत नाही, डॉक्टर, हिच्यासाठी माणूस वाकावा लागतो. वेलाच्या काठ्या कशा बांधल्यात, वाफे उन्हाच्या दिशेने कसे वळवलेत, एकूण एक गोष्ट त्याच्या नजरेने टिपली होती. दोन वर्षांत कुणी या बागेबद्दल असं बोललं नव्हतं, आणि बोलणारा त्यातला जाणकार होता. बाईंनी त्याला आणखी थोडं बोलू दिलं. बोलू दिलं म्हणून पुढे त्यांना स्वतःचाच फार राग आला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या उंच वाफ्यातलं पाणी कुठे जातं?"

"खाली पाइप टाकलाय," भाऊ म्हणाला.

वेलामागून बाई उठल्या. "पाइप नाही. खाली तुझ्या न्हाणीघराच्या फरश्या आहेत. खणून दाखवू?"

भावाचा चेहरा उतरला. ही आमची ताई, तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग बाईंच्या. दवाखान्याचं काम तुम्ही कराल का, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मी परक्याच्या दारात खणत नाही. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि आल्या वाटेने निघून गेल्या. भावालाही ते काम मिळालं नाही.

संध्याकाळी तो भिंतीपाशी आला.

"माझ्या पोटावर पाय दिलास, ताई. कौतुकच करत होतो ना?"

"माझ्या तोंडावर का नाही केलंस?"

तो म्हणाला, "तू ऐकून घेतलं असतंस?"

बाईंनी पाण्याची झारी उचलली आणि पाठ फिरवली.

आठवड्याभरात भावाने भिंत पुरुषभर उंच करायला घेतली. पालकावर दुपारपासून सावली पडू लागली. बाईंनी पालक उपटून उन्हातल्या वाफ्यात लावला आणि त्याच्या जागी पुदिना घातला, त्याला सावली चालते. बहीणभावाचं बोलणं बंद झालं ते झालंच. भावजयीने एकदा फाटकाबाहेरून, आता बोलाल का, असं विचारून पाहिलं, बाईंनी फाटक उघडलं नाही.

फक्त काम चालू असताना एकदा त्या गवंड्याशी बोलल्या. भाऊ पलीकडे उभा होता, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मिस्त्री, तिसरा थर बाहेर गेलाय."

गवंड्याने ओळंबा सोडून पाहिला. थर खरंच बोटभर बाहेर होता. त्याने मालकाकडे पाहिलं. भाऊ त्या ओळंब्याकडे बघत म्हणाला, पाड आणि परत लाव.