चिंगीचं घर

खुराडं म्हणू नका मला. आज राजेसाबच्या अंगणात माझ्यात कोंबड्या झोपतात हे खरं, पण मी चिंगीचं घर बोलतोय. चिंगी कुत्री होती. तिला ज्यांनी फसवलं त्यांत मीही होतो, म्हणून जरा ऐकून घ्या.

माझा जन्म सोलापुरातला, चौऱ्याहत्तर सालचा. ईरप्पा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. यंत्राचे सुटे भाग ज्यातून आले होते तो मोडका खोका त्यानं साहेबाला विचारून सायकलवर बांधून घरी आणला. सुट्टीच्या दिवशी खिळे उपसले, दगडावर ठोकून सरळ केले, शेजाऱ्याची करवत मागून आणली आणि कामाला लागला. त्याची मुलगी दाक्षायणी चिंगीला धरून बसली आणि वितीनं मापं सांगत राहिली. उतरतं छप्पर, ओल लागू नये म्हणून खाली चार विटा, उन्हाळ्यात वर भिजवलेलं गोणपाट. एवढा थाट ईरप्पाच्या स्वतःच्या खोलीलाही नव्हता!

"दार न्हाय बसवणार व्हय?" बायकोनं, चंद्रव्वानं, विचारलं.

"दार कशाला? मन मानंल तवा यील, मन मानंल तवा जाईल. तिचं घर हाय ते."

हे बोलणं मला फार आवडलं होतं. मी खुळ्यासारखा ते खरं धरून बसलो.

चिंगीला एकच खोड होती. गिरणीचा भोंगा वाजला की मान वर करून तीही सूर लावायची. भोंगा थांबला तरी हिचं चालूच. सारी गल्ली हसायची. "चिंगी पाळीवर निघाली," असं म्हणत ईरप्पा डबा उचलायचा.

पुढच्या वर्षी दाक्षायणीचं लग्न जमलं. मैंदर्गीहून पाहुणे सुपारी फोडायला आले. सगळं छान चाललं होतं. आणि ऐन सुपारीच्या वेळी साडेतीनचा भोंगा झाला. चिंगीनं नेहमीसारखा सूर लावला. नवऱ्या मुलाची आत्या शिवबाई पहिल्यांदाच सोलापुरात आली होती. तिचा हात कुंकवाच्या करंड्यावरच थांबला.

"कुत्रं रडतंय की वं! सुपारीच्या टायमाला? ह्ये लई वाईट."

"न्हाय वो, ती रोजच..." चंद्रव्वा बोलायला गेली. ईरप्पानं डोळे वटारले. मुलाकडच्यांना उलट बोलायचं नसतं ना! एक वाक्य पुरलं असतं. भोंग्याला ओरडते हो ती, एवढंच. पण तो हात जोडून म्हणाला, "उद्याच्याला घालवतो तिला. तुमी मनात काय आणू नका."

दाक्षायणी मान खाली घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ईरप्पा फळीचं दार घेऊन आला. बिजागऱ्या, कडी, सगळं नवं. मला वाटलं, थंडीचे दिवस आलेत, चिंगीची काळजी दिसतेय. अंगात खिळे घुसताना मी खूशही झालो, काय सांगू!

मग दाक्षायणीनं हाक मारली. त्यांच्या घरात कानडी-मराठी दोन्ही चालायचं. चिंगीला मात्र कानडीच कळायचं. "बा, चिंगी, बा." ये म्हटल्यावर ती आली. शेपूट हलवत आत शिरली, गोल फिरून बसली. दाक्षायणीनं कडी लावली आणि रडत घरात पळाली.

शेजारच्या राजेसाबनं मला टेम्पोत चढवलं. होटगीच्या पुढं माळावर त्यानं दार उघडलं. चिंगी बाहेर येईना. तिला वाटत होतं, आपण आपल्या घरात आहोत, आपल्याला काय भीती? राजेसाबनं मला तिरकं केलं, हलवलं, शेवटी पाठीमागून ठोकलं. माझ्या फळीला नखं लावून ती घसरत बाहेर पडली. आणि त्यानं मला उचलायच्या आत परत आत शिरली!

"माफ कर गं माय," म्हणत त्यानं तिला ओढून काढलं आणि दार लावलं. ती त्या दारावर पंजे मारत होती. मला उघडता येत नव्हतं.

लग्न थाटात झालं. मला राजेसाबनंच ठेवून घेतलं. ईरप्पा कधी इकडून जातो, माझ्या छपरावर थाप मारतो आणि म्हणतो, "बघ राजेसाब, फळ्या अजून कशा धड हायत!" चिंगीचं नाव तो काढत नाही. मला तोंड असतं तर शिवबाईला नाही, त्यालाच विचारलं असतं की एवढ्या प्रेमानं मला बांधलंस कशासाठी?

राजेसाबची बायको माजिदा रोज चुलीला लाकूड शोधत असते. तिच्याकडे माझं एकच मागणं आहे. कोंबड्यांना दुसरी सोय कर बाई, आणि मला फोड. माझ्या फळ्या चांगल्या वाळल्यात, धूर होणार नाही. तळाच्या फळीवर नखांचे ओरखडे आहेत, ती तेवढी आधी घाल.