पायाखालचा चेहरा

"अनिका, पुढे ये ना गं. सगळे थांबलेत."

"नो! आई, खाली बाप्पा आहे." चार वर्षांची अनिका बूट काढून, हातात धरून कडेलाच अडून उभी राहिली.

उत्तरानं मागे खोळंबलेल्या दहा-बारा लोकांकडे पाहिलं. बेबीसिटरनं ऐन वेळी कॅन्सल केलं, नवऱ्याची मीटिंग. म्हणून लेकीला घेऊन ती बॉथेलच्या उपनगरातून भर पावसात शहरातल्या या म्युझियममध्ये आली होती. आज या लोकांसमोर तिची गाइड म्हणून चाचणी. पगार नव्हता, तिच्या व्हिसावर तो चाललाही नसता. पण गळ्यात स्वतःच्या नावाचा बिल्ला येणार होता. पुण्यात पुरातत्त्व शिकलेल्या उत्तराला इथं सगळे 'अनिकाज मॉम' म्हणूनच ओळखत.

समोर एका रोमन हवेलीतल्या जमिनीची नक्कल होती. रंगीत दगडी तुकड्यांची, मुद्दाम चालण्यासाठी केलेली. दोन्ही बाजूंना डाळिंबं, मधोमध मोठ्या डोळ्यांचा तरुण चेहरा, डोक्यामागे ख्रिस्ताचं चिन्ह.

"येशू आहे गं तो. आणि कॉपी आहे, खरी नाही," ती कुजबुजली.

"बट ही इज लुकिंग, आई."

पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायला तिनंच तर शिकवलं होतं!

चाचणी घेणाऱ्या हेलनबाई हसल्या. "उत्तरा, मधे उभी राहा. सगळ्यांना दिसशील."

उत्तरा! किती दिवसांनी कुणी नावानं हाक मारली. ती मधे गेली. बुटाखाली कपाळ आलं की गाल, हे तिनं पाहिलं नाही.

बोलायला लागली आणि वाणीच मोकळी झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, देवाला पायाखाली कसं घातलं?

"त्यांना तो घराचा आधार वाटत असेल," ती म्हणाली. "पुढे मात्र एका सम्राटानं कायदाच केला, ख्रिस्ताचं चिन्ह जमिनीवर काढायचं नाही."

"मग तू कायदा मोडते आहेस की!" गृहस्थ म्हणाले.

सगळे हसले. तीही हसली. अनिका तेवढी हसली नाही.

"मंगळवारपासून ये," जाताना हेलनबाई म्हणाल्या.

लोक पांगले. अनिका कडेकडेनं, भिंतीला पाठ घासत, आईच्या शक्य तितकी जवळ येऊन थांबली.

"आई, से सॉरी."

बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं उत्तरा वाकली. जमिनीवरच्या त्या चेहऱ्याच्या गालाला बोटं टेकवून तिनं ती डोळ्यांना लावली. दगड गार होता. तिच्या ओल्या बुटाचा ठसा मात्र तसाच दिसत होता. स्कार्फच्या टोकानं ती तो पुसत राहिली. मंगळवारी पुन्हा इथंच उभं राहायचं होतं.